फाकलेला न्हाई, सैलच हाय

३ फेब्रु.
मॅडमच्या नव्या घराची फरशी घासून राह्यलो, मी आन् माझे अप्पा. पिवळा राजस्थानी दगड, त्यात शंखच शंख. मॅडम कालेजात भूगर्भ शिकवतात, त्यांनी मुद्दाम मागवला. म्हणल्या हे अमोनाइट, समुद्रातला जीव, कवाच संपला. (मी अमो. लिव्हीन.) एकेकाची जात वहीत लिव्हून राह्यल्या. शंखाला बी जात आसते.
मोडक्या लादीत एक न्यारा सापडला. बाकीच्यांचे वेढे एकमेकाला चिटकून, याचे सुटे. मधी करंगळीयेवढा दगड. मॅडम समोर आल्या आन् माझं तोंड बंद. अप्पानीच दाखवला.

४ फेब्रु.
मॅडमनी वहीत लिव्हलं, 'नेहमीचीच जात. दाबाने फाकलेला.' त्या चहा आणाय गेल्त्या तवा वाचलं. फाकला आसता तर कुठंतरी तडकला आसता. तडा मला डोळे झाकून बोटाला कळतो. एक बी न्हाई.
हे सगळं मनात. तोंडातून फक्त "जी" निघालं.

५ फेब्रु.
आज बोलले. "मॅडम, ह्यो आसाच जन्मला." येवढंच. त्या हसल्या. वाईट न्हाई, पण हसल्या.
"कितवीपर्यंत शिकलीस?"
"आठवी."
"बरं, पुस्तक देते तुला."
येताना अप्पा म्हणले, "कामाच्या घरी वाद घालू न्हाई, बाई." शाळेत बोलत नव्हते म्हून उभी करायचे. आता बोलले तर
जाऊ दे.

७ फेब्रु.
पुस्तक खरंच दिलं. इंग्रजी. चित्रं बघितली. एका चित्रात अमो. मधून आडवा कापलेला. वेढ्याला आतून खाच. आधीच्या वेढ्यावर बसतो ना, म्हून.

८ फेब्रु.
केदारखेड्याला मामाकडं. वावरात ठिबकच्या नळीचं भेंडोळं. नळी नळीवर दाबली तिथं चपटी, सुटे वेढे गोलच्या गोल. लई येळ तिथंच बसले. मामी म्हणली, "नळीत देव दिसला का काय?"
मंग ह्यो शंख बी आडवा कापायचा. खाच निघाली तर आधी चिटकून वाढला, मागनं फाकला, मॅडम खऱ्या. न्हाई निघाली तर मी.

१० फेब्रु.
मॅडमला इचारलं, कापू का.
"एकच आहे तसला. कापलास तर गेला."
"तुमच्या वहीत तर नेहमीचाच हाय. नेहमीचा कापला तर काय व्हतंय?"
हे मी बोलले. मी. मॅडम म्हणल्या, घेऊन जा.

११ फेब्रु.
जुना जालना, सलीमचाचाचं दगड कापायचं कटर.
"बेटा, कटा सो कटा. बराबर सोच ले."
"कापा चाचा."
"मेरे कू काय, मी तर ओटे कापतो."
पातं थांबेपर्यंत बघितलंच न्हाई. मंग पाण्यानं धुतला. चार जागी वेढा कापला गेल्ता. लादीची वरची घासलेली बाजू सोडली तर चारी जागी आतून गोल. खाच बिलकुल न्हाई.
चाचा म्हणला, "खुशी की बात हय या गम की?"
"खुशीची."

१२ फेब्रु.
मॅडम भिंगातून लई येळ बघत राह्यल्या. मंग रबरानं 'फाकलेला' पुसलं. 'नेहमीचीच जात' बी पुसलं. म्हणल्या, "सैल वेढ्यांचाच आहे. पण जात माझ्या पुस्तकात नाही, आणि एकाच नमुन्यावरून नवी म्हणता येत नाही. तपासायला एका सरांना पाठवते. दोन्ही अर्धे दे."
"एकच देते."
अप्पा बोलाय लागले, मॅडमनीच हात करून थांबवलं. "का गं?"
"तिकडं कुणी परत फाकलेला लिव्हलं तर? एक माझ्यापशी पायजे."
त्यांनी एक अर्धा कापसात बांधला. दुसरा माझ्या पिशवीत.

२६ फेब्रु.
दुसऱ्या घरी काम. काळा ग्रॅनाइट, बघाय काहीच न्हाई. मॅडमचा फोन आल्ता. सरांचं उत्तर न्हाई अजून.
"तुझा अर्धा नीट आहे ना?"
"हाय. जातीच्या रकान्यात काय लिव्हलं?"
"काही नाही. रिकामाच आहे."
"रिकामाच ठेवा मंग. अंदाजानं भरू नका."