बाबांच्या खांद्यासाठी

ती. आईस, बुऱ्हाणपूरहून ललितचा साष्टांग नमस्कार.

मी बरा आहे. केळीचे घड वाहून खांदा धरला होता, म्हणून इथल्या शनवारा भागातल्या फिजिओथेरपीवाल्या ताईंकडे सरळ गेलो. त्यांनी डॉक्टरची पर्ची, म्हणजे चिठ्ठी, मागितली नाही. फक्त म्हणाल्या, "कसं लागलं ते खरं सांग हां, भैया."

तेव्हा बाबाच आठवले. तृप्तीच्या प्रेमापायी मी कॉलेज सोडलं, त्यावरून भांडताना मी त्यांना ढकललं आणि ते ओट्यावरून खांद्यावर पडले. अजून हात वर होत नाही ना? डॉक्टर कारण विचारतील म्हणूनच ते जात नसतील.

आई, त्यांना तिकडे फिजिओथेरपीला ने. पर्ची लागत नाही, पण विचारतील नक्की. पाय घसरला म्हणू नका. पोरानं ढकललं, असंच सांगा.

तुझा,
ललित