दोषाचा शेवटचा तुकडा

प्रिय सिग्नेताई,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (दारापुढचा बर्फ उपसताना कंबर धरली, त्यामुळे सध्या सगळ्यांनाच वाकून करतो.) तुझा गुडघा पूर्ण बरा झाला हे वाचून फार आनंद झाला, तो असाच राहो. इकडे तुझी भावजय मार्लिस बरी, कुत्रा बरा, आणि थंडी म्हणशील तर 'तशी काही वाईट नाही', म्हणजे गाडी सुरू होत नाही. पत्र लिहायचं कारण, फोनवर आपण दोघं हवामानाच्या पुढे कधी गेलेलो नाही, आणि हा विषय हवामानाच्या बराच पुढचा आहे. तुझी भाची सोल्वेग गणितात नापास झाली.

जेमतेम हुकली असंही नाही, पेपर सरळ कोरा दिला. शाळेचा नियम तुला मी काय सांगणार (नोकरीभर तूच तो राबवलास), एका विषयात जरी नापास, तरी पुन्हा पास होईपर्यंत खेळ बंद. सोल्वेग आमच्या मुलींच्या आइस हॉकी संघाची गोलकीपर, आणि पंधरवड्यावर विभागाचा अंतिम सामना आलेला. दुसरी गोलकीपर आहे, पण ती समोरून चकती आली की डोळे मिटते. गेल्या वर्षी याच सामन्यात, जादा वेळेत, सोल्वेगच्या पायांमधून एक गोल गेला आणि आपण हरलो. पण गाव किती चांगलं बघ, एका शब्दाने कुणी तिला बोललं नाही. उलट औषधाच्या दुकानात, चर्चमध्ये, पेट्रोल भरताना, जो भेटेल तो वर्षभर तिला सांगतोय, "तुझी चूक नव्हती हो पोरी." दोघी-तिघी तर ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश घेऊन घरी येऊन सांगून गेल्या. असं गाव मिळायला भाग्य लागतं.

तर शाळेने आम्हाला बोलावलं. मार्लिसने लिंबाच्या वड्या नेल्या. (नापास मुलीच्या बैठकीला गोड नेतात का, हे मी विचारलं. रिकाम्या हाताने जातात का, हे तिने विचारलं.) गणिताच्या कोस्की सरांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की दोष त्यांचा, त्यांना शिकवणं जमलं नाही. मार्लिस म्हणाली, छे छे, दोष घरचा, आम्ही लक्ष दिलं नाही. बेव्ह, म्हणजे संघाची प्रशिक्षक, म्हणाली की सराव तीच लांबवते. मुख्याध्यापिकाबाईंना वाटेना की आपण मागे राहावं, त्यांनी वर्गातल्या हीटरचा दोष स्वतःकडे घेतला. आपल्याकडे ताटलीतली शेवटची वडी कुणी अख्खी उचलत नाही, जो तो अर्धी कापून घेतो आणि शेवटी चुरा उरतो, तशी दोषाची वाटणी झाली. सोल्वेग शेजारी बसून एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. गाडीत बसल्यावर मात्र मार्लिस म्हणाली, "कोस्कीला शिकवता येत नाही, हे त्याने स्वतःच कबूल केलं की!" कोस्की सरही त्याच वेळी आपल्या गाडीत बायकोला आमच्याबद्दल असंच सांगत असणार. इतक्या लोकांनी दोष घेतला होता, तरी तो नक्की कुणाकडे आहे ते मला सांगता येईना.

ठरलं असं, की सामन्याच्या आधीच्या गुरुवारी फेरपरीक्षा. तेव्हापासून घरात शिकवणाऱ्यांची रीघ लागली आहे. औषधवाले आले, रिंकवर बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र चालवणारा लायल आला, पाद्रीही आले. प्रत्येकाची पद्धत वेगळी आणि आधीच्या माणसाची पद्धत 'जरा वेगळीच' (आपल्याकडे याहून मोठी शिवी नाही). काल पाद्रीबाबांचं समीकरण सुटेना, तेव्हा सोल्वेगने हळूच त्यांची चूक दाखवली, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये म्हणून दोष पेन्सिलीला दिला. कॉफी पिऊन ते खुशीत गेले. मला तर आता क्ष म्हणजे कोण हेही कळेनासं झालंय. म्हणून ताई, तूच ये. तू भल्याभल्यांना गणित शिकवलंस, मलासुद्धा जवळजवळ शिकवलं होतंस. गुडघा बरा आहेच, तर गुरुवारच्या आत डुलुथहून निघ.

तुझा गोंधळलेला भाऊ,
आर्व्हिड

ता.क. पत्र मिटणार होतो, तेवढ्यात भांडी विसळणाऱ्या सोल्वेगला सांगितलं की आत्याला बोलावतोय. ती म्हणाली, "आत्याला कशाला त्रास, बाबा? मला येतं सगळं." मग पेपर कोरा का? हातातली बशी पुसून ठेवली. मग म्हणाली, "गणितात नापास झाले तर दोष घ्यायला तुम्ही सगळे भांडलात. तो गोल गेला तेव्हा एकाने तरी दोष स्वतःकडे घेतला का? सगळे म्हणाले, तुझी चूक नव्हती. ज्याची चूक नसते त्याला वर्षभर कुणी असं सांगतं का?" मी सवयीने तेच वाक्य पुन्हा म्हणणार होतो, तोंडातच अडवलं. विचारलं, हॉकी आवडत नाही का गं? म्हणाली, "आवडते. तळ्यावर, कुणी बघत नसताना." ताई, मला फार वाईट वाटलं. पोरीने कोरा पेपर दिला, आणि आम्ही तिला गोलमध्ये परत नेऊन उभं करायला पाद्री बोलावले.

दुसरा ता.क. तेव्हा वरचं येण्याबद्दलचं खोड. गुडघ्याबद्दलचंही खोड. परीक्षेच्या आदल्या बुधवारपासून तुझा गुडघा दुखू लागेल, फार दुखेल, आणि तुझ्या मदतीला भाचीच लागेल, सामना संपेपर्यंत. फेरपरीक्षा नंतरही घेता येते, कोस्की सरांना विचारलं. (ते म्हणाले, गुरुवारची घाई हा त्यांचाच दोष.) तुमच्याकडचं तळं गोठलं असेल, तिच्याबरोबर स्केट्स पाठवतो. इकडे हरलो, तर गाव विचारायला येईल, हॉटडिश घेऊन येईल, आणि दोषाचा तुकडा अर्धा-अर्धा मागेल. या वेळी तिला पाठवणारा मी, म्हणून मी ताटलीच उचलून आत नेणार आहे.