पेटीला दहापैकी नऊ

३ फेब्रुवारी, सोमवार

आली एकदाची! पोर्टेबल पॉवर स्टेशन, म्हणजे वीज साठवून ठेवणारी बॅटरीची पेटी. खोक्यावर एक हसरं कुटुंब तंबूसमोर बसलंय, मधे ही पेटी, आणि चौघंही तिच्याकडे असे बघतायत की जणू घरात पहिलं मूल झालंय. ‘कॉम्पॅक्ट’ हा शब्द चार ठिकाणी. वजन अकरा किलो. लिफ्ट बंद, मी तिसऱ्या मजल्यावर. कॉम्पॅक्ट म्हणे!

साहेब म्हणाले, “पंधरा दिवस ठेवा, घरात वापरा, बाहेर वापरा, आणि लोक वाचतील असं काहीतरी लिहा.” म्हणजे गेली एकोणीस वर्षं मी जे लिहितोय ते कोणी वाचत नाही, हे त्यांनी जाता जाता सांगून टाकलं. एकोणीस वर्षं मासिकात मिक्सरला, इस्त्रीला, पंख्याला गुण देतोय. मला कोणी दिले नाहीत तेच बरं.

ही पेटी मी मागून घेतली ती आईसाठी. साहेबांना ते सांगितलेलं नाही. आमच्या रस्त्यात केबलसाठी खोदलंय, रविवार सोडून रोज अकरा ते दोन वीज गुल, महिनाभर हेच. आणि आईची हवेची गादी विजेवर चालते. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती पडून आहे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्या गादीच्या नळ्या आळीपाळीनं फुगतात, बसतात. पंप थांबला की सगळं हळूहळू सपाट.

ताईशी ठरलंय. हॉस्पिटलच्या खोलीतच ठरलं, आईच्या देखत — आई माझ्याकडे राहील, पण पाठीवर एक चट्टा जरी उठला तर ताई तिला घेऊन जाणार. “एकटा पुरुष, दिवसभर ऑफिसात. तू काय बघणार तिचं?” हे वर. बघतोच! आई इथून हलत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी इस्त्री, मिक्सर आणि पाण्याची केटल, तिन्ही एकदम पेटीला लावली. सतराशे वॅट! पेटी हूं की चूं नाही. नुसता पंखा घरघरला. मी टाळी वाजवली.

मावशी (आईला दिवसभर सांभाळतात त्या) दारात उभ्या. “चहा हवा होता तर गॅस आहे की.”

“मावशी, परीक्षण चाललंय!”

“बरं.”

५ फेब्रुवारी, बुधवार

साडेदहाला निघताना पंपाची वायर पेटीत खोचली. मावशींना बजावलं — पेटीला हात लावायचा नाही, कंपनीची आहे, परत द्यायचीय. संध्याकाळी सहाला येऊन वायर पुन्हा भिंतीच्या सॉकेटला. पेटीचा पडदा झोपला होता, बटण दाबून जागा केला. दिवसभरात खर्च किती? तीन टक्के! साडेसात तासांत तीन टक्के!! या हिशोबानं वीज महिनाभर आली नाही तरी बेहत्तर.

ताईला फोन केला. “तीन टक्के!” म्हटलं.

“आईची पाठ बघितलीस का?”

कौतुक करायचं म्हटलं की हिच्या जिवावर येतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

हॉस्पिटलची सिस्टर येऊन गेली. दर गुरुवारी येते. आईची पाठ स्वच्छ. ताईला मेसेज केला — ‘स्वच्छ’. एवढाच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मावशी म्हणतात, “दुपारी गादी मऊ पडते हो.”

हसू आवरून समजावलं. या नळ्या फुगणार, त्या बसणार, मग त्या फुगणार, या बसणार. मऊ लागणारच, त्यासाठीच तर आहे ती! पाकिटाच्या मागे चित्र काढून दाखवलं, बाण वगैरे.

“बरं,” म्हणाल्या. बाईंना दुसरा शब्द येतो की नाही कोण जाणे.

९ फेब्रुवारी, रविवार

आज ‘बाहेरचा वापर’. जंगल कुठून आणू? पेटी घेऊन बागेत गेलो. वाटेत तीनदा हात बदलला. झाडाखाली चटई टाकली, लॅपटॉप, छोटा पंखा, केटल. दहा मिनिटांत रखवालदार हजर. “इथे स्वयंपाक करायचा नाही.” म्हटलं स्वयंपाक नाही, परीक्षण. “परीक्षा घरी द्या.” तेवढ्यात माणसं जमली. एका काकांनी फोन लावला चार्जिंगला, मग दुसऱ्यांनी, मग रखवालदारानंही! लॅपटॉप बाजूला, मी आपला सहा जणांचे फोन राखत बसलो. काका जाताना म्हणाले, “रोज असता का?”

११ फेब्रुवारी, मंगळवार

आजही तीनच टक्के. लेख पाठवला. पेटीला दहापैकी नऊ. एक गुण वजनाचा कापला, आणि तोही जड मनानं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

माकडहाडाजवळ लाल चट्टा. मधोमध फोड. सिस्टरनं बोटानं दाबून बघितलं, तोंड वाकडं केलं. “कूस बदलत नाही का कोणी?”

माझं डोकंच फिरलं. मावशींना नाही नाही ते बोललो. फुकट बसून असता, टीव्ही बघता, माझी आई काय गाठोडं आहे का एका जागी टाकायला?

“दर दोन तासांनी बदलते. त्यांनाच विचारा.”

आईकडे बघितलं. तिनं तोंड भिंतीकडे केलं. मला तेवढा पुरावा पुरला. मावशींनी पिशवी उचलली, चपला घातल्या, गेल्या. ‘बरं’सुद्धा म्हणाल्या नाहीत.

ताईला कळवलेलं नाही. कळवायला हवं. उद्या.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

रजा टाकली. सकाळी साहेबांचा फोन. “अहो, तीन टक्के की तीस? तुम्हीच वर लिहिलंय, काहीही न जोडता नुसती चालू ठेवली तरी पेटी तासाला एक टक्का खाते. मग साडेसात तासांत पंपासकट तीन कसे?”

साहेबांना बेरीज येते हे मला एकोणीस वर्षांत ठाऊक नव्हतं. मला येत नाही हे आज कळलं.

अकराला वीज गेली. पंप पेटीला लावून घड्याळ घेऊन समोर बसलो. बाराला टक्! पेटी बंद. पंप बंद. सगळं कसं शांत, शिस्तीत. माहितीपुस्तक काढलं. पान एकतीस — जोडलेलं उपकरण पंधरा वॅटपेक्षा कमी वीज घेत असेल तर एका तासानंतर पुरवठा आपोआप थांबतो. वीजबचत! आणि हे बदलता येतं, दोन बटणं दाबून. पंप घेतो सात वॅट.

म्हणजे पेटीला वाटायचं, काहीच जोडलेलं नाही. रोज बाराला आई सपाट व्हायला लागायची, पण छे, बारा नाही, साडेदहाला लावायचो, म्हणजे साडेअकरालाच. सहापर्यंत. आणि मी घरी येऊन टक्के वाचून नाचायचो. इस्त्री लावून बघितली, केटल लावून बघितली, ती सोसेल का ते बघितलं. सात वॅट घेऊन कोण बघतो? आम्ही परीक्षक!

गादीवर तळहात टेकला. खाली पलंगाची फळी लागली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

शेजारणीला आईजवळ बसवून मावशींच्या घरी गेलो. धुणं वाळत घालत होत्या. सगळं सांगितलं, माफी मागितली.

“गादी मऊ पडते म्हटलं होतं ना मी?”

“हो.”

“तुम्ही चित्र काढलंत.”

“हो.”

एक चादर पूर्ण वाळत घालून झाली. मग म्हणाल्या, “सोमवारी येते. पण पेटीला हात मी लावणार.”

लावा बाई! वाटलं तर लाथ घाला.

साहेबांना लेख मागे घ्यायला सांगितला. नवा लिहितो. मग ताईला फोन केला आणि सगळं ओकलो. ती ओरडली नाही. ‘उद्या येते’ म्हणाली. ती ओरडत नाही तेव्हा मला फार भीती वाटते.

१६ फेब्रुवारी, रविवार

जिंकलो!! ताई आली, पाठ बघितली, पान एकतीस वाचलं, दोनदा. पेटीचं बटण स्वतः दाबून बघितलं. मी म्हटलं, चूक माझी, पण आता सापडलीय. सिस्टर म्हणते फोड दोन आठवड्यांत बरा होईल. ताईनं डोळे पुसले. “तू करतोयस रे. मीच कडक वागले. राहू दे तिला तुझ्याकडे.” ताई! माघार! हे लिहून ठेवलंच पाहिजे म्हणून लिहून ठेवतोय.

ताई गेल्यावर आईला सांगितलं — आता काळजी नाही, तू इथेच. तिनं डोळे मिटून घेतले. दमली असणार.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी कूस बदलताना सहज विचारलं, “आई, गादी सपाट झालेली तुला कळत नव्हती का गं?”

“कळायची की. फळी टोचायची.”

“मग बोलली का नाहीस? निदान मावशींना तरी!”

“त्या बाईवर उगाच आळ आला, ते वाईट झालं,” म्हणाली. मग बराच वेळ माझा हात धरून होती. “मला ताईकडे जायचं होतं रे. तू एवढं करतोस, तुला कोणत्या तोंडानं सांगू?”

ताईला फोन लावलाय. उचलत नाहीये.