राजवाड्यामागचं घर

बाबा, आज पुन्हा आपला राजवाडा पडताना पाहिला.

कॉलेजच्या स्पर्धेसाठी मी अंगणात मूकपट काढला होता, आठवतंय? मूकपट एवढ्याचसाठी, की मागून आणलेल्या कॅमेऱ्याचा माइक बंद होता. मैत्रिणींना मात्र मी रुबाबात सांगितलं, की मूकपटांच्या काळी चित्रीकरणासाठी राजाचा दरबारसुद्धा उघड्यावर, बिनछताचा उभारत आणि वर पांढरं कापड ताणून ऊन मवाळ करत. आपल्याकडे तेवढं मोठं पांढरं कापड एकच, त्या दिवशी तुम्ही हौसेने नेसलेलं लग्नाकार्याचं धोतर. ते वर गेलं आणि तुम्ही दिवसभर बनियन नि पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत वावरलात. न्हावा शेव्याच्या बंदरात कामाला जाणाऱ्या मामाने खोक्यांचे मोठे पुठ्ठे आणून दिले. त्यांवर आम्ही खांब आणि कमानी रंगवल्या आणि तो राजवाडा घराच्या तोंडावर दोरीने बांधला.

तिथे तुमचं बिनसलं.

"घर आमी सोता बांदलंय. चोरून आनलेलं नाय. लपवतंस कनाला?"

"बाबा, राजाचं घर असं नसतं."

"मंग राजाला सांग, दुसरीकरं जा."

तुम्ही राजवाड्यामागे ओटीवर जाऊन बसलात आणि मुद्दाम खोकत राहिलात. मूकपटात खोकला येत नाही हे मी सांगितलं, तेव्हा आणखीच चिडलात.

राजा म्हणजे मिशी लावलेली शेजारची मावशी. ती ऐटीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसते, प्रधान मुजरा करतो, आणि अख्खा राजवाडा पुढे झुकून दोघांच्या डोक्यावर येतो. मागे आपलं निळं घर. फुटक्या लाद्यांच्या तुकड्यांची पायरी, दाराच्या वर ओल्या सिमेंटात तुम्ही खिळ्याने कोरलेलं आईचं नाव, आणि दारात चड्डीतले तुम्ही.

"वारा सुटला," तुम्ही गंभीरपणे म्हणालात. मी तुमच्यावर एवढी ओरडले, की मावशीची मिशी गळून पडली. मग सगळं पुन्हा उभारून पुन्हा चित्रण केलं. स्पर्धेला तेच गेलं, आणि कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी विमानतळासाठी आपलं गाव उठलं. घराचा फोटो शोधायला बसले, तर सगळे फोटो दुसऱ्यांच्या लग्नातले, मांडवातले. घराचा एकही नाही. होता तो फक्त हा फसलेला तुकडा. तो सापडला तेव्हा मी आधी पोट धरून हसले आणि मग खूप रडले.

हे पत्र टाकायचं कुठे? आपल्या पत्त्यावर आता दारच नाही. म्हणून इथेच सांगते. त्या तुकड्यात वारा नाही, बाबा. वरचं धोतर जराही हलत नाही, आणि सुटलेल्या दोरीचं टोक तुमच्या हातात आहे.

पुढच्याच क्षणी राजवाडा पुन्हा उभा करायला मी धावत येते. त्याआधीच मी चित्र थांबवते. दरवेळी.