येडबाचा अधांतरी भोवरा

३ डिसेंबर १९८६, बोरी

येडबा म्हणे भोवरा हवेत ठेवतो! आमच्या प्रयोगशाळेचा शिपाई, चौथी नापास — चार नळ्या धुवायला दिल्या तर दोन फोडतो — तो आज मला सांगतो, "सर, लोहचुंबकावर लोहचुंबक अधांतरी फिरायलाय. दोरा न्हाई, काई न्हाई." खाली जळक्या लाउडस्पीकरचं चुंबक, वर छोट्या चुंबकाचा भोवरा, वजनासाठी मेण लावलेला. हसून हसून बेजार झालो. अरे, नुसत्या चुंबकावर चुंबक तरंगत नसतं. बाजूला घसरतं, नाही तर उलटतं. हे गणितानं सिद्ध होऊन शंभर वर्षं उलटली.

जिल्हा प्रदर्शनासाठी मी केलेली खेळण्यातली आगगाडीसुद्धा चुंबकांच्या रुळावर तरंगते ती दोन्ही बाजूंच्या काचांमुळे. जपानवाल्यांनी बिनचाकाची गाडी ताशी पाचशे सतरा किलोमीटर पळवली, त्यांना विजेच्या गुंडाळ्या लागल्या, भयंकर थंड केलेल्या. आणि हा येडबा बोरीत मेणाचा गोळा चिकटवून करणार!

४ डिसेंबर

पुन्हा तेच. "सर, चाक असं अधांतरी राहिलं तर घासणारच न्हाई. पवनचक्कीला बसवलं तर जराशी झुळूक बी पुरंल. लय वीज निघंल." वीज काढतोय! भिंतीवरची नामांतराची घोषणा पुसायला सांगून चार दिवस झाले, ती तशीच. म्हटलं, दाखव मग आत्ता. तर म्हणे, "आता न्हाई सर. सकाळच्या थंडीत राहतंय. ऊन तापलं की पडतंय." वा रे वा! चुंबकाला घड्याळ कळतं! भानामतीच झाली ही.

हेडमास्तर भुजंगरावांच्या कानावर घातलं. येडबाला जानेवारीत कायम करायचं की नाही, ते त्यांच्या हातात. म्हणाले, "उद्या माझ्या टेबलावर दाखवू द्या. खरं निघालं तर मीच शिफारस करतो. खोटं निघालं तर तुम्ही अहवाल द्या." वेळ मी सांगितली — दुपारी दोन. मुद्दामच.

५ डिसेंबर

पडला! सात वेळा फिरवला, सातही वेळा टेबलावर आडवा. भुजंगराव पोट धरून हसले. येडबा घामाघूम. "सर, उनानं चुंबकाचा जोर कमी झालाय. जरासं मेन खरडू द्या. हलकं झालं की राहतंय." मी म्हटलं, हात लावायचा नाही! आणलंस तसंच दाखव. आज मेण खरडशील, उद्या दोरा बांधशील. त्यानं माझ्याकडं नुसतं बघितलं, भोवरा टोपीत घातला आणि गेला. ते बघणं मला आवडलं नाही. उर्मट कुठला!

८ डिसेंबर

अहवाल दिला — "खोटारडा. प्रयोगशाळेस अयोग्य."

१० डिसेंबर

परभणी, जिल्हा विज्ञान प्रदर्शन. परीक्षक म्हणजे तीन ठोंबे! एक म्हणतो, "काचा काढून दाखवा की." काढल्या. गाडी कलंडली. पोरं फिदीफिदी हसली. पहिलं बक्षीस गोबरगॅसला. म्हणजे शेणाला! यांना विज्ञान कळतं? एसटीत परभणी ते बोरी उभा होतो, हातातली आगगाडी ठेवायलाही जागा नाही.

१३ डिसेंबर

येडबाला काढून टाकलं. किल्ल्या द्यायला त्याची बायको आली, कासाबाई. तो म्हणे मेंढरं घेऊन पालमकडं गेला. तिनं टेबलावर पुडकं ठेवलं — तेच चुंबक, तोच भोवरा. "सरांना द्या म्हनले. पहाटं थंडीत फिरवा, खाली कागद सारून चुंबक सपाट करा. पाटीवर फिरवायचं, पाटी हळू उचलायची, मग काढून घ्यायची. सरांचा काई दोष न्हाई म्हनले, दुपार व्हती."

मी किल्ल्या मोजून घेतल्या.

दारातून वळली. "त्यायला तसं वाटतंय. मला न्हाई."

बाईची जीभ तर बघा!

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी साडेसहा. बोटं गारठलेली. एकदाचं खोटं ठरवून टाकावं म्हणून बसलो होतो. एकविसाव्या खेपेला पाटी काढली आणि भोवरा वरच राहिला. दोन बोटं वर. खालून पोस्टकार्ड घातलं, वरून हात फिरवला — काही नाही! दीड मिनिट.

लाज वाटली. खूप वाटली.

मग अर्ज भरला, राज्य प्रदर्शनाचा. शोध लावणाऱ्याचं नाव विचारलं होतं. माझं लिहिलं.