सायलीचा लांबचा मेंढपाळ

श्रावणातला मंगळवार, जेवणं झाल्यावर

लिही सायले माझ्या वहीत, मी सांगते तसं, लाजू नको. उन्हाळ्यात स्कॉटलंडला शिकायला गेलीस आन् तिथला मेंढरं राखणारा पोरगा पसंत करून आलीस. बापाला सांगायचं मात्र आजीनं! आज फोनवर बघितला त्याला. लय गोरा. "आदी मेंढी धरून दाव," म्हणलं. तू त्याच्या भाषेत सांगितलंस. त्यानं लोकर वढली न्हाई, हनुवटीखाली हात घालून अलगद धरली, वर दात बघून वयबी सांगितलं. हनुवटीखाली! तुझ्या बापाला अजून जमत न्हाई.

जेवताना तुझ्या बापाला म्हणलं, "आपल्या सायलीनं मेंढरामागचाच पोरगा बघितलाय."

"कुठल्या गावचा, आये?"

"लांबचा हाय. आदी व्हय म्हण."

हसत व्हय म्हणला. खोटं बोलले का मी? न्हाई, निम्मंच बोलले. उरलेलं निम्मं उद्या तू सांग.