निल्दाची कविता आणि एका आकड्याचा फरक

सोमवार, ११ मार्च, सकाळी ९
शनिवारी आयलेनचा पंधरावा वाढदिवस. मेजवानीत तिच्या आजीची, माझ्या निल्दाची कविता म्हणून दाखवीन, असं नातीला सगळ्यांसमोर कबूल करून बसलोय. निल्दाने ती शाळेत, गणवेशाचा पांढरा डगला घालायच्या वयात लिहिली. वही हरवली, निल्दाही गेली. पहिली ओळ मात्र पाठ आहे: ‘नदी, तू कुणाची वाट पाहून एवढी रुंद झालीस?’ बाकी कविता ९८ साली संगणकावर, स्मॉलटॉक या प्रोग्रामिंगच्या भाषेत ठेवली. आम्हा स्मॉलटॉकवाल्यांची रीतच ती. कागदबिगद नाही. यंत्राचं अख्खं मन, उघड्या खिडक्यांसकट, एका फाइलीत निजवायचं. तिला इमेज म्हणायचं. हाक मारली की डोळा लागला होता तिथूनच उठते. दहा मिनिटांचं काम.

११ वाजता
उठली नाही. नवं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे इमेजला उठवणारा प्रोग्राम, म्हणतं, मी ६५०५, ही इमेज ६५०४, मला वाचता येत नाही. एकाचा फरक! आमच्या गणिताच्या बाई एवढं सोडून देत.

मंगळवार
युक्ती सुचली. फाइलीच्या सुरुवातीलाच तो आकडा आहे. हाताने ६५०५ केला. मशीनला पत्ताही लागणार नाही.

दुपारी
लागला. खिडकी उघडली, पांढरी पडली, मिटली.

बुधवार
बाल्दोमेरोला फोन. तीस वर्षं कचेरीत शेजारच्या टेबलावर होता. म्हणाला, आधी दुसरी प्रत काढलीस ना? मी हवेचा विषय काढला. म्हणाला, अरे म्हाताऱ्या, पासपोर्टातलं वय खोडून कुणी तरुण होतं का? उद्धट आहे, पहिल्यापासून.
आयलेन आजोबाला नोनो म्हणते. म्हणाली, नोनो, आठवत नसेल तर राहू दे ना. मला आठवत नाही? शाळेतल्या साठ कविता आजही घडाघडा म्हणतो! हीसुद्धा येते. फक्त मध्ये जरा अडतं.

गुरुवार
आणखी तीन मशीनं उतरवून पाहिली. तिघंही नाही म्हणाली. एक तर कारण न सांगताच.

शुक्रवार
बाल्दोमेरो स्वतः आला. ‘माते’ चहाच्या पानांच्या डब्यात जपलेली सीडी, त्यात ९८चं मशीन. माझा आकडा त्याने पुन्हा ६५०४ केला. आणि इमेज उठली! सव्वीस वर्षांपूर्वीच्याच जागी कर्सर लुकलुकत होता. मला रडू आलं. तो म्हणाला, डब्यातली धूळ असेल.
खिडकीत निल्दाचं नाव. खाली नदीची ओळ. त्याखाली मीच टंकलेलं: पुढचं पाठ आहे, लिहायची गरज नाही.
बाल्दोमेरोने मातेचा पेला भरून पुढे केला.

रविवार
काल उभा राहिलो. ओळ म्हटली. थांबलो. पुन्हा तीच म्हटली, म्हणजे पुढची आपोआप येईल. आयलेनने टाळ्या वाजवून मिठी मारली. म्हणाली, छोटीशी आहे, पण गोड आहे, नोनो. मेहुणी ओफेलिया केक खाता खाता म्हणाली, आमच्या ताईने एका वाक्यात काही संपवल्याचं मला तरी आठवत नाही, भावजी.
एकंदरीत कार्यक्रम बरा झाला.

संध्याकाळी
इमेज उघडली. ‘पुढचं पाठ आहे’ खोडलं. तासभर बसलो. मग तेच पुन्हा टंकलं आणि सेव्ह केलं.